पांढरा ओक आणि सुलेखाबाईंची बादली

आयर्लंडमधल्या शॅननमध्ये सकाळी विमानांच्या आधी धुकं उतरतं. समुद्राला मिळण्यापूर्वी नदी इथे इतकी रुंद होते, की समोर दिसतोय तो पलीकडचा काठ आहे की ढग, याचा उलगडा दुपारपर्यंत होत नाही. अशा गावात देवदत्त पाटणकर एकोणीस वर्षं राहतो आहे, आणि डोळ्याला नीट दिसत नाही ते मानायचं नाही, हा त्याचा धंदा आहे. विमानतळाला लागून कारखान्यांची मोठी वसाहत आहे. तिथल्या एका कारखान्यात हृदयाच्या शिरेत घालायच्या बारीक नळ्या तयार होतात. देवदत्त त्या भिंगाखाली धरून तपासतो. केसाएवढा ओरखडा दिसला की नळी बाजूला. मी त्याच कारखान्यात, त्याच्यापासून दोन टेबलं सोडून, खोकी भरतो. तो पाटण तालुक्यातला, मी कोरेगावचा. एवढ्या लांब आल्यावर दोन तालुक्यांमधलं अंतर शिल्लक राहत नाही.

भिंग तो कारखान्यात ठेवून घरी येतो, पण नजर सोबत येते. लग्नाआधी अस्मिताला तो तीन वेळा भेटला. तिसऱ्या वेळी तिनेच विचारलं, "नमुना पास झाला का?" तो म्हणाला, "झाला." ती म्हणाली, "माझ्या बाजूनं अजून तपासणी चालू आहे." ती अजूनही तसंच म्हणते.

त्याची आई, सुलेखाबाई, गावच्या सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं परिचर होती. दवाखान्याची शहाबादी फरशी दिवसातून तीनदा पुसणं हे तिचं मुख्य काम. बादलीत झाकणभर फिनेल, मग फडकं, मग दाराकडून खिडकीकडे अर्धवर्तुळात हात. डॉक्टर बदलत गेले, नर्सा बदलल्या, फरशी तिचीच राहिली. जिल्ह्याहून तपासणीला आलेला अधिकारी एकदा म्हणाला होता, "बाई, या फरशीत माझा चेहरा दिसतोय." सुलेखाबाई म्हणाल्या, "मग सायेब, बूट काढा, तोंडावर पाय देऊ नका." ही गोष्ट पाटण तालुक्यात अजून सांगतात.

दोन वर्षांपूर्वी त्या पहिल्यांदा आयर्लंडला आल्या. नव्वद दिवसांचा व्हिसा होता. देवदत्तच्या घरात तेव्हा बैठकीपासून जिन्यापर्यंत कार्पेट होतं, इथल्या बहुतेक घरांत असतं तसं. सुलेखाबाईंनी पहिला दिवस त्याच्याकडे बघितलं, दुसरा दिवस बोटाने दाबलं, आणि तिसऱ्या दिवशी सगळे कामावर गेल्यावर त्याच्यावर एक बादली पाणी ओतून ते पुसायला घेतलं. कार्पेट आठ दिवस ओलं राहिलं. घराला पावसात भिजलेल्या मेंढीचा वास यायला लागला. एकोणिसाव्या दिवशी त्या परत निघाल्या. विमानतळावर त्या म्हणाल्या, "दत्ता, घर चांगलं हाय. सून चांगली हाय. पण तुज्या घराला जमीन न्हाय. जमीन झाली की कळव."

त्यानंतर गावाकडे देवदत्तचे वडील वारले, आणि सुलेखाबाई घरात एकट्या उरल्या. एका पावसाळ्यात अंगणात पाय घसरून त्या दोन तास पडून होत्या. हे त्यांनी स्वतः सांगितलं नाही, शेजारणीने सांगितलं. त्या दिवशी देवदत्तने ठरवलं की आईने येऊन नव्वदच्या नव्वद दिवस इथे राहिलं पाहिजे. त्याहून जास्त सरकार राहू देत नाही, आणि त्याहून कमी त्याला चालणार नव्हतं. त्यासाठी जमीन हवी होती.

आता कोणीही म्हणेल, सरळ टाइल्स बसवायच्या. अस्मितानेही तेच सुचवलं. पण आयर्लंडमधली टाइल म्हणजे बर्फाची बहीण; तिची थंडी घोट्यातून गुडघ्यात आणि गुडघ्यातून स्वभावात चढते. सुलेखाबाईंचे गुडघे आधीच एकतीस वर्षांच्या फरशीने झिजलेले. प्लास्टिकचा रोल पसरला असता तर त्या ताडपत्री म्हणाल्या असत्या. लाकडाचा छापील कागद चिकटवलेल्या फळ्या मिळतात, त्या त्यांनी नखाने खरवडून उघड्या पाडल्या असत्या. उरलं खरं लाकूड.

देवदत्तने लिमरिकच्या दुकानातून लाकडाचे अकरा नमुने आणले, वहीच्या पानाएवढे. ते त्याने स्वयंपाकघरात ओळीने मांडले आणि त्यांची परीक्षा सुरू केली. एकावर आमटी, एकावर हळदीचं दूध, एकावर फिनेल. तीन नमुने त्याने बादलीत बुडवून ठेवले. दोन नमुन्यांवर बसून तो आठ दिवस जेवला, मांडीखाली एकेक घेऊन.

"हे काय चाललंय?" अस्मिताने विचारलं.

"डावं थंड लागतंय."

"डावं लाकूड की डावी मांडी?"

यावर त्याने दोन्ही नमुने उलटसुलट करून आणखी आठ दिवस जेवण केलं.

दुकानदाराने शेवटी पांढऱ्या ओकचं नाव सुचवलं. अमेरिकेतलं झाड, या लाकडाच्या नळ्या आतून बुजलेल्या असतात, त्यामुळे पाणी आरपार जात नाही. म्हणूनच व्हिस्कीची पिंपं याची करतात, दारू बारा बारा वर्षं आत राहते आणि गळत नाही. नळ्या म्हटल्यावर देवदत्तचे कान उभे राहिले. घरी येऊन तो अस्मिताला म्हणाला, "ज्यातून बारा वर्षं दारू गळत नाही, त्यातून आईच्या बादलीतलं पाणी काय जाणार?"

तरी खात्री करायला तो एका व्हिस्कीच्या कारखान्याची सहल करून आला. मलाही नेलं. बाकीचे पाहुणे पेल्यातला वास घेत होते, आणि थेंबही न पिणारा देवदत्त पिंपाच्या बुडाशी ओणवा होऊन फळ्यांचे सांधे बघत होता. वाट दाखवणाऱ्या मुलीने सांगितलं की दर वर्षी साधारण दोन टक्के दारू लाकडातून उडून जाते, तिला इथे देवदूतांचा वाटा म्हणतात. सगळे हसले. देवदत्तने वही काढली. परतीच्या वाटेवर गाडीत त्याने वहीत आकडे मांडले. मग म्हणाला, "दोन टक्के म्हणजे बादलीमागे दोन पेले. वर्षाला. चालेल."

पांढरा ओक असा ठरला.

सुतार मिळाला मॉसी हेहिर. याच परगण्यातला माणूस, साठीचा, हातांवर भेगा आणि भेगांत भुसा. तो फार बोलत नाही, आणि बोलतो तेव्हा आपल्याकडे न बघता लाकडाकडे बघून बोलतो. मार्च महिन्यात फळ्या आल्या. मी आणि देवदत्तने त्या ट्रकमधून आत वाहिल्या. कार्पेट आधीच उचलून टाकलं होतं, खाली करडं काँक्रीट उघडं पडलं होतं. मॉसीने फळ्या बैठकीच्या मधोमध रचल्या, प्रत्येक थरामध्ये बारीक पट्ट्या घालून, वारा खेळावा म्हणून. ती रास माझ्या कमरेएवढी झाली.

"आता कधी बसवणार?" देवदत्तने विचारलं.

"बसवणार नाही," मॉसी राशीला म्हणाला. "तीन आठवडे इथेच राहू दे. भट्टीत वाळवलेलं लाकूड आहे. घरातली हवा त्याला लागू दे. तुम्ही जसे राहता तसेच राहा. याला कळू दे, कोणाबरोबर राहायचंय."

त्याच्याकडे ओलावा मोजायचं एक छोटं यंत्र होतं, दोन सुया असलेलं. आकडा दहाच्या आसपास थांबला की लाकूड घराला रुळलं असं समजायचं.

पाहुणा आल्यावर मराठी माणूस जसा वागतो तसे मग ते दोघं वागू लागले. राशीसमोर मोठ्याने बोलणं बंद. पाय लागला तर हात लावून नमस्कार. टीव्ही बघायचा तर राशीला वळसा घालून दोघांनी दोन टोकांना बसायचं आणि कोण काय म्हणालं ते एकमेकांना विचारायचं. पण आकडा थांबेना. सोमवारी अकरा, गुरुवारी तेरा, रविवारी इडलीच्या वाफेने चौदा. देवदत्तने आलेख काढला. कुकरची प्रत्येक शिट्टी त्यात टेकडीसारखी दिसत होती. मग त्याने हुकूम काढला: कुकर बागेतल्या शेडमध्ये, कपडे गाडीत वाळत, आंघोळ खिडकी उघडी ठेवून. आयर्लंडमध्ये एप्रिलात खिडकी उघडी ठेवून आंघोळ केलेल्या माणसाचा आवाज वसाहतीतल्या सगळ्या घरांना ऐकू गेला.

आकडा दहावर आला. देवदत्तने आनंदाने मॉसीला बोलावलं. मॉसीने सुया टोचल्या, आकडा बघितला, मग नाकाने हवा ओढली.

"इथे कोणी राहत नाही," तो म्हणाला.

"राहतो की आम्ही!"

"या घराला जेवणाचा वास नाही." तो मागच्या दाराने बाहेर गेला. शेडमध्ये गवत कापायच्या यंत्राशेजारी अस्मिता डोक्यावर टोपी घालून कुकरच्या तिसऱ्या शिट्टीची वाट बघत उभी होती. मॉसी परत आला. "तुम्ही लाकडाशी खोटं बोलताय. उद्या तुम्ही खरे राहायला लागाल, आणि हे फुगेल. कुकर आत आणा. या घरात आणखी कोण राहणार आहे?"

देवदत्त म्हणाला, "माझी आई. नव्वद दिवस."

"पाणी वापरते?"

"पुष्कळ."

"मग तिला बोलवा. लाकडाला तिची सवय झाली पाहिजे."

"ती जमीन झाल्याशिवाय येणार नाही."

मॉसीने डोकं खाजवलं. "आणि जमीन ती आल्याशिवाय होणार नाही. ग्रँड," तो म्हणाला, आणि गाडी काढून निघून गेला. आयरिश माणूस ग्रँड म्हणतो तेव्हा काही ठीक असेलच असं नाही. पुष्कळदा आता आपण दोघांनीही काही करू नये, एवढाच त्याचा अर्थ असतो.

देवदत्तने चार दिवस विचार केला आणि गावी फोन लावला. खोटं काही सुचेना, म्हणून खरं सांगितलं. "आई, इथले मिस्त्री म्हणतात, तू आल्याशिवाय जमीन बसणार नाही."

पलीकडून प्रश्न आला, "मी आल्याबिगार?"

"हो. लाकूड तुझ्यासाठी अडलंय."

"मग येड्या, आदी सांगायचं न्हाय का!"

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सुलेखाबाई आल्या. दारात चपला काढून त्यांनी आत पाऊल टाकलं, आणि थबकल्या. समोर लाकडाची रास, आणि राशीच्या चारही बाजूंना मोकळं, करडं, सपाट काँक्रीट. त्यांनी वाकून तळवा टेकला. दवाखान्यातल्या फरशीचाच रंग. "दत्ता," त्या म्हणाल्या, "ही जमीन कवा झाली?"

दुसऱ्या दिवशी बादली निघाली. मग रोज दोनदा, दाराकडून खिडकीकडे, अर्धवर्तुळात. पुसून झाल्यावर खिडकीजवळ छोटी रांगोळी. मग पाय वाळवायला त्या लाकडाच्या राशीवर चढून बसत आणि उंचावरून घराकडे बघत. घरात फिनेलचा वास दरवळू लागला. मागच्या वेळचा एकोणिसावा दिवस कधी उलटला हे देवदत्तने कॅलेंडरवर बघितलं आणि कोणाला न सांगता त्या तारखेभोवती गोल केला.

त्याच आठवड्यात मॉसी आला. लाकडाचा आकडा त्याला पटला. मग त्याने दुसरं यंत्र काढून काँक्रीटला लावलं. ते यंत्र कधी ओरडतं हे मला माहीत नव्हतं. ते ओरडलं.

मॉसी गुडघ्यावर बसला. "तिला सांग, यात आता बदकं पोहतील."

"आई, ते म्हणतात, जमीन फार स्वच्छ ठेवलीय."

"मग त्यास्नी म्हणावं, बूट काढून या. चिखल घिऊन हिंडतोय रेड्यावानी."

"आई विचारते, चहा घेणार का?"

"चहा नको. महिनाभर एक थेंब पाणी पडता कामा नये. काँक्रीट ओलं असलं तर वरचं लाकूड होडीसारखं वाकेल. आणि जमीन झाल्यावरही बादली चालणार नाही."

इथे देवदत्त चिडला. "पण पांढरा ओक आहे! पिंपात बारा वर्षं दारू राहते!"

"पिंप आतून कायम ओलं असतं," मॉसी म्हणाला. "ते एकदा फुगतं आणि तसंच राहतं. तुझी आई पुसणार, वाळणार, पुसणार, वाळणार. लाकडाला वेड लागेल. आणि पिंपाला कोणी फिनेल लावत नाही, डेव्ह."

मॉसी गेल्यावर देवदत्तने आईला अर्धं सांगितलं: जमीन महिनाभर कोरडी ठेवावी लागेल. सुलेखाबाईंनी फडकं बादलीच्या काठावर पसरलं.

"म्हंजी पुसायची न्हाय?"

"महिनाभरच."

"मग मी हितं काय करू? तुमी दोगं सकाळी जाता. टीव्हीतलं कळत न्हाय. रस्त्यावर माणूस न्हाय. दत्ता, तिकीट अलीकडचं कर. मी जाते."

त्या रात्री देवदत्त जेवला नाही म्हणतात. दुसऱ्या दिवशी कामावर त्याने एक वाईट नळी चांगल्यांत टाकली. त्याच्या लक्षात आलं म्हणून बरं, पण एकोणीस वर्षांत तसं झालं नव्हतं. संध्याकाळी घरी जाऊन तो आईला म्हणाला, "मिस्त्रींना फोन केला होता. ते म्हणतात, थोडं पुसलं तर चालेल."

"थोडं म्हंजी किती?"

मोजणारा माणूस, आकड्याशिवाय खोटंही बोलता येईना. "अर्धी बादली," तो म्हणाला.

सुलेखाबाई राहिल्या. सकाळी अर्धी बादली, संध्याकाळी अर्धी बादली. फोन कोणी केलाच नव्हता, पण अस्मितालाही त्याने हेच सांगितलं.

पुढचे तीन शुक्रवार मॉसी आला, आणि तिन्ही शुक्रवार यंत्र ओरडलं. तो येण्याच्या दोन तास आधी देवदत्त हेअर ड्रायर घेऊन जमीन वरून वाळवून ठेवायचा, त्यामुळे डोळ्याला काही दिसायचं नाही. मॉसीने काँक्रीटवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवला. दुसऱ्या दिवशी त्याच्या आतल्या बाजूला थेंब जमलेले. चाळीस वर्षांत असं काँक्रीट त्याने पाहिलं नव्हतं. त्याच्या आईच्या माहेरी एक विहीर होती, तिचं पाणी उन्हाळ्यात वर चढायचं, असं तो मला सांगू लागला. अस्मिताने आपल्या इडल्यांना दोष देऊन तीन रविवार इडली केली नाही.

चौथ्या वेळी मॉसी मंगळवारी आला, आणि काँक्रीट फोडायचं यंत्र घेऊन आला. त्याच्या मते खाली पाण्याचा पाइप फुटला होता. दुसरं कारण उरलंच नव्हतं. मला राबिट उचलायला बोलावलं होतं, मी ढकलगाडी घेऊन दारात उभा. मॉसीने खिडकीजवळ खडूने फुली मारली, बरोबर रांगोळीवर.

सुलेखाबाई आल्या आणि फुलीवर उभ्या राहिल्या. "हितं फोडायचं कशापायी?"

"तिला सांग, बाजूला हो," मॉसी म्हणाला. "पाइप फुटलाय."

मॉसीने यंत्राची वायर लावली. देवदत्तचा चेहरा तेव्हा भिंगाखाली धरला असता तर कोणीही तो बाजूला टाकला असता.

"थांबा," तो इंग्रजीत म्हणाला. "पाइप फुटलेला नाही. आई रोज पुसते. मी तिला सांगितलं, तुम्ही परवानगी दिलीत." मग मराठीत, "आई, मिस्त्रींनी परवानगी दिलेली नाही. मी खोटं बोललो. तू जाशील म्हणून."

अस्मिता स्वयंपाकघरातून बाहेर आली. "म्हणजे माझ्या इडल्यांचा काही संबंध नव्हता?"

"नव्हता."

"तीन रविवार, देवदत्त!"

मॉसीने वायर काढली आणि गुंडाळत बसला. सुलेखाबाई राशीवर जाऊन बसल्या. बराच वेळ त्या आपल्या तळहातांकडे बघत होत्या.

"दवाखान्यात डॉक्टर म्हनायचे," त्या हळू म्हणाल्या, "सुलेखा, आज बाळंतिनीला चालवायचंय, खोली कोरडी ठेव. मी थेंब ठिवायची न्हाय. येवढंच तू म्हनला असतास तर मी ठिवली असती. माज्याच हातानं तू काम बिगडवून घेतलंस, दत्ता."

"पण तू जाते म्हणालीस."

"म्हनाले. काम न्हाय म्हनून म्हनाले. माणूस रिकामा बसला की म्हनतो. मला जाऊ नको म्हनायचं सोडून तू अर्दी बादली दिलीस?"

देवदत्त खाली बसला, काँक्रीटवरच. पॅन्ट ओली झाली, तरी उठला नाही. "जाऊ नकोस," तो म्हणाला.

सुलेखाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "मिस्त्रीस्नी इचार, कोरडी हुयाला किती दिस?"

मॉसी म्हणाला, तीस. यंत्र लावलं तर वीस.

"लावा म्हनावं. आन मला दावा, कसं चालतंय."

दुसऱ्या दिवशी हवेतलं पाणी ओढणारं यंत्र आलं, कपाटाएवढं. ते घोरतं, आणि घोरता घोरता त्याच्या पोटातली टाकी भरते. सुलेखाबाईंना हे यंत्र पहिल्या तासातच कळलं. जे पाणी त्यांनी दीड महिना जमिनीत घातलं होतं, ते आता टाकीत परत येत होतं, आणि ते उचलून बाहेर नेणं हे काम होतं. पहिल्या दिवशी पावणेसात लिटर निघालं. त्यांनी ते कोपऱ्यात काँक्रीटवर खडूने लिहिलं. दुसऱ्या दिवशी सहा. अस्मिताने चुकून एकदा टाकी रिकामी केली, तर सुलेखाबाई दिवसभर तिच्याशी बोलल्या नाहीत. कोणी ओले बूट घेऊन आत आलं की त्या दारातच हात आडवा धरत. मॉसीलासुद्धा त्यांनी मोज्यांवर आणलं. त्याच्या मोज्याला भोक होतं, तेही त्यांनी शिवून दिलं. सतराव्या दिवशी टाकीत वाटीभर पाणी निघालं, आणि त्यांनी खडूने त्याच्याखाली रेघ ओढली. ते सगळे आकडे आता ओकच्या खाली आहेत.

फळ्या बसवायला चार दिवस लागले. त्यातला पहिला दिवस देवदत्तने खाल्ला. तो भिंग घेऊन बसला आणि गाठ असलेल्या एकतीस फळ्या बाजूला काढल्या.

"हे झाड होतं," मॉसी म्हणाला. "नळी नव्हती."

"पण गाठ आहे."

सुलेखाबाईंनी एक फळी मांडीवर घेऊन गाठीवरून बोट फिरवलं. "हितं फांदी फुटली व्हती. फांदी फुटली म्हनून झाड टाकून देतोस व्हय?" मग त्या मॉसीला म्हणाल्या, "मिस्त्री, ही समोर लावा. दारातनं आल्यावर दिसाय पायजे." हे भाषांतर करायला देवदत्त तयार नव्हता, पण मॉसीला बोटाच्या खुणेवरून कळलं. एकतीसच्या एकतीस फळ्या परत राशीत गेल्या. मग दुपारभर रबरी हातोडा चालत राहिला. फळीची जीभ शेजारच्या फळीच्या खाचेत जायची, एक मऊ ठोका पडायचा, आणि घराचा आवाज बदलत जायचा. आधी पावलं टपटपायची, आता ती बोलल्यासारखी वाटायची. चौथ्या संध्याकाळी ढग फाटून नदीकडून ऊन आत आलं आणि जमीन मधाच्या रंगाची झाली. आम्ही पाचही जण कडेला भिंतीला टेकून उभे राहिलो. आत पाऊल कोणी टाकेना.

शेवटी सुलेखाबाईंनी विचारलं, "पुसायचं कसं?"

मॉसीने कापड ओलं करून पिळलं आणि दाखवलं: नुसतं दमट. सुलेखाबाईंनी ते त्याच्या हातातून घेतलं, पुन्हा पिळलं, आणि त्यातून आणखी अर्धा पेला पाणी काढलं. मॉसीने कापडाला हात लावून बघितला, मग आपल्या मनगटाकडे बघितलं.

आठवडाभर त्या कोरडंच पुसत होत्या. "ह्ये पुसनं न्हवं, ह्ये लाड हायेत," असं म्हणत, पण रोज दोनदा, दाराकडून खिडकीकडे.

व्हिसाच्या शेवटच्या आठवड्यात मॉसी सहज बघायला आला, मोजे न फाटलेले घालून. देवदत्तने त्याला खिडकीजवळ दोन फळ्यांमध्ये केसाएवढी फट दाखवली.

"ग्रँड," मॉसी म्हणाला. "हिवाळ्यात हीटिंग चालू झालं की आणखी उघडेल. उन्हाळ्यात मिटेल. लाकूड श्वास घेतं."

सुलेखाबाईंनी विचारलं काय झालं. देवदत्तने सांगितलं, आहे तसं.

"हिवाळ्यात किती उगडंल?"

मॉसीने अंगठ्याचं नख दाखवलं.

"आन तवा हितं कोन बघनार? ही दोगं सकाळी जात्यात." त्या आत जाऊन आपला पासपोर्ट घेऊन आल्या आणि तो देवदत्तच्या समोर ठेवला. "डिसेंबरचा फॉरम भर."

फॉर्म लगेच भरता येत नव्हता, आईने भारतात परत गेल्यावरच तो करता येणार होता. पण अर्जासोबत एक पत्र जोडावं लागतं, आई कशासाठी येणार ते सांगणारं. देवदत्तने तिथेच, नव्या जमिनीवर मांडी घालून, लॅपटॉप उघडला आणि लिहिलं: लाकडी जमिनीची हिवाळी तपासणी.

अस्मिताने त्याच्या खांद्यावरून वाचलं. "अरे, वेडा आहेस का? खोड ते. कुटुंबाला भेट, असं लिही."

"राहू दे त्ये," सुलेखाबाई कापड पिळत म्हणाल्या. "तू आता तरी खरं त्येच लिव्ह. आन खाली ह्येबी लिव्ह, म्हनावं तपासनारी पोराची आई बी हाय."